दहा इंची आरशाची बैठक

आरसा पहिल्यापासून चांगला होता. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझी बाजू घेत बसायला नको.

आरसा म्हणजे तोंड बघायचा नव्हे, दुर्बिणीचा. दहा इंच व्यासाची जाड काचेची चकती घ्यायची, तिचा वरचा भाग घासून घासून बशीसारखा किंचित खोलगट करायचा, त्याला चकाकी आणायची आणि अगदी शेवटी त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा देऊन घ्यायचा. दुर्बिणीच्या नळीत तळाशी हा आरसा बसतो आणि ताऱ्याचा उजेड गोळा करतो. माझ्या वडिलांनी तो चौदा महिने घासला. संत तुकाराम नगरातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत, पाणी भरलेल्या निळ्या पिंपावर काच ठेवून, पिंपाभोवती गोल गोल फिरत. आणि आरसा ज्याच्यावर बसवायचा ती बैठक मी डिझाइन केली. मी म्हणजे फिक्श्चर डिझाइनमध्ये अकरा वर्षं काढलेली, चाकणच्या एका कंपनीत टूलरूम सांभाळणारी, आणि मीटिंगमध्ये बोलायला लागले की समोरच्याला वाक्य पुरं करू न देणारी बाई.

पप्पा लातूरकडचे. तरुणपणी इकडे आले ते ग्राइंडिंग मशीनवर उभे राहिले, आणि बत्तीस वर्षांनी रिटायर झाले तेव्हाच बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. सकाळी पेपर, दुपारी पेपर, संध्याकाळी तोच पेपर. आई वैतागून म्हणायची, "अहो, त्यातली अक्षरं झिजतील." त्याच पेपरात एकदा चिंचवडला दुर्बिणीचा आरसा घासायला शिकवणार अशी चार ओळींची बातमी आली. 'घासायला' हा शब्द वाचून पप्पा हसले. म्हणाले, "हे तर आपलंच काम की." आणि चप्पल घालून चौकशीला गेले.

मला तेव्हा गंमत वाटली होती. नंतर वाटेनाशी झाली, कारण त्यांनी ते फारच मनावर घेतलं. आधी काच घासायची जाड कार्बोरंडमची पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. दर वेळी पूड बदलताना गॅलरी धुवायची, पिंप धुवायचं, नखं ब्रशने घासायची, कपडे बदलायचे. जाड पुडीचा एक कण बारीकमध्ये आला तर काचेवर ओरखडा. आईने गॅलरीत वाळवणं घालायचं बंद केलं. "आरसा आरसा करत वर्ष गेलं, त्यात धड भांगसुद्धा पाडता येत नाही," असं ती शेजारणीला सांगायची, पण कुणी गॅलरीत पाय ठेवला की तीच ओरडायची, "आधी पाय धुऊन या."

एकदा मी त्यांना विचारलं की एवढं कशासाठी. तेव्हा ते म्हणाले, "कंपनीत किती पार्ट घासले त्याचा हिशेब न्हाई. पण एक बी माझा नव्हता. गाडीत बसला आन् गेला. हे माझं हाय." हे ऐकून मी मान हलवली आणि जेवायला बसले. ऐकलं होतं ना मी? स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

चकाकी आली की आरसा तपासायचा असतो. लाकडी स्टँडवर तो उभा ठेवायचा, समोर बारीक उजेड, आणि परत येणाऱ्या उजेडात दाढीचं ब्लेड हळूहळू सरकवायचं. काचेचा आकार बरोबर असेल तर आरशावर एकसारखी राखाडी सावली पसरते, कुठे उंच-खोल असेल तर तिथे डोंगर-दरी दिसते. पप्पांनी शेवटचे दोन महिने त्या सावलीवर घालवले. मग एका रविवारी त्यांनी मोबाइलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. काठापासून काठापर्यंत सावली मऊ, कुठे डाग नाही. खाली त्यांनी लिहिलं होतं: 'झालं.' गावाकडून सगळ्यांनी हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पाडला. मीही अंगठा टाकला. कंपनीच्या बसमध्ये होते, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते, दुसरं काय टाकणार!

आता बैठक. हे माझं राज्य.

फिक्श्चर म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगते. मशीनवर एखादा पार्ट कापायचा तर तो केसाइतकाही हलता कामा नये. तो कुठे टेकवायचा, किती ठिकाणी टेकवायचा आणि कसा आवळून धरायचा हे ठरवून जी चौकट बनवतात ती फिक्श्चर. टेकव, आधार दे, आवळ. अकरा वर्षं मी हेच केलं. माझ्या फिक्श्चरमधून पार्ट हलला असं सांगणारा अजून जन्माला यायचाय, असं मी मीटिंगमध्ये म्हणायची. म्हणायची काय, मिरवायची.

आरशाच्या बैठकीतला अर्धा भाग मी खरोखर झकास केला, हेही सांगते. काच कितीही जाड असली तरी स्वतःच्या वजनाने वाकते; डोळ्याला दिसत नाही, पण ताऱ्याला दिसतं. म्हणून तिला खालून नऊ ठिकाणी टेकू द्यायचा, आणि प्रत्येक टेकूवर सारखंच वजन आलं पाहिजे. मी तीन त्रिकोणी पट्ट्या काढल्या, प्रत्येकीला तीन टेकू, आणि प्रत्येक पट्टी मधोमध एका बेअरिंगच्या गोळीवर डुलणारी. एक टेकू दबला की बाकीचे दोन आपोआप वर येतात, वजन आपसात वाटून घेतात. टेकूंची जागा ठरवायला तीन शनिवार गेले. ड्रॉइंग घेऊन भोसरीला गेले, एका चाचांच्या गाळ्यात. सत्तरीकडे झुकलेले, एका जुन्या मिलिंग मशीनवर सगळा संसार उभा केलेला माणूस. आमच्या कंपनीची सुटी कामंही त्यांच्याकडे जातात. त्यांनी ड्रॉइंग उलटंसुलटं पाहिलं, म्हणाले, "माशाल्ला, ताई, क्या बारीक काम है."

मग मी माझी अक्कल पाजळली. आरसा नळीतून घसरू नये म्हणून काठाला तीन क्लिपा लागतात. त्या नुसत्या राखणीला असतात. काच आणि क्लिप यांच्यात कागदाएवढी फट ठेवायची असते. मी फट ठेवली नाही. मी रबर लावलं, सहा मिलिमीटरचे बोल्ट लावले आणि टॉर्क रेंचने, म्हणजे पिळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने, मोजून आवळले. तिन्ही सारखे. मोजून आवळलं म्हणजे बरोबर आवळलं, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की तिथे कटर नाही, कापायचा जोर नाही, काचेला कुणी ढकलणार नाही, हे मनातसुद्धा आलं नाही. पार्ट दिसला की आवळायचा. हात आपोआप जातो.

पप्पा शेजारी उभे होते. म्हणाले, "एवढं कशाला आवळायलीस माय? काच हाय ती."

"पप्पा, तुम्ही काच बघा. धरायचं माझ्यावर सोडा."

ते दोन पावलं मागे सरकले.

मुलामा द्यायच्या आधी कच्च्या काचेवरच एखादा ठळक तारा बघून घेतात, कारण मुलाम्यानंतर दोष निघाला तर सगळं खरवडावं लागतं. थंडीचे दिवस होते. दिवेलागणीनंतर आम्ही तिघं नळी घेऊन गच्चीत गेलो. आमच्याकडचं आकाश कसलं असतं, आजूबाजूच्या बिल्डिंगांचे दिवे आणि धुरळा. पण व्याधाचा तारा तेवढ्यातूनही दिसतो. पप्पांनी मला आधी बघायला लावलं. म्हणाले, "इंजिनियर बघू दे आधी."

तारा गोल टिंबासारखा दिसायला हवा. भिंग जरा पुढेमागे केलं की फुगून गोल चकतीसारखा. मला दिसलं ते तीन टोकांचं, बेलाच्या पानासारखं. पुढे केलं तरी बेलाचं पान, मागे केलं तरी बेलाचं पान.

मी डोळा काढला आणि पहिलं वाक्य काय बोलले असेन? "पप्पा, आरसा गेला."

बघा. मी 'काहीतरी गडबड आहे' म्हटलं नाही. 'जरा तपासू' म्हटलं नाही. नळी होती, बैठक होती, वरचा छोटा आरसा होता, भिंग होतं, गच्चीची गरम फरशी होती; दहा गोष्टी होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी सरळ काचेवर बोट ठेवलं.

पप्पांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "ब्लेडनं तर बराबर दिसत होतं."

"ब्लेडच्या टेस्टमध्ये हा दोष दिसतच नाही. वाचा जरा." आदल्या आठवड्यातच मी इंटरनेटवर हे अर्धवट वाचलं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"त्या क्लिपा जराशा ढिल्या करून बघू का?"

"पप्पा! बैठक मायक्रॉनमध्ये केलीय. मला डिझाइन शिकवू नका."

हे मी आईसमोर म्हटलं. शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीत दोन बायका दोरीवरचे कपडे काढत होत्या, त्यांनीही मान वळवून पाहिलं. पप्पांनी आरशावर पंचा टाकला, दोन्ही हातांनी नळी उचलली आणि जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघताना गॅलरीतून खर्र-खर्र आवाज आला. चकाकी आलेल्या काचेवर त्यांनी पुन्हा पूड टाकली होती. आदल्या रात्री जेवताना मी म्हटलं होतं, की असा दोष नुसत्या पॉलिशने जात नाही, मागे जाऊन घासावं लागतं. तेही मीच. आरशासारखी लखलखीत काच पुन्हा दुधी झाली होती. मी चहा संपवला आणि बस पकडली.

आता लिहिताना अंगाची आग होते. तेव्हा काही झालं नाही. का झालं नाही तेही सांगते. कारण मी रोज हेच करत होते. आमच्याकडे सकाळी साडेनऊला रिजेक्शनची मीटिंग असते. लाल डब्यातले पार्ट टेबलावर ठेवतात आणि फॉर्मवर कारण लिहितात. कारणांच्या चार रकान्यांपैकी एक रकाना कायम भरलेला: ऑपरेटर मिस्टेक. तो रकाना फार सोयीचा. मशीनचं कारण लिहिलं तर मेंटेनन्सवाले भांडतात. मटेरियल लिहिलं तर परचेसवाले भांडतात. फिक्श्चर लिहिलं तर मी भांडते, आणि माझ्याशी भांडायला कुणाला हौस नाही. ऑपरेटर त्या मीटिंगला नसतोच. तो खाली मशीनवर असतो. मग लिहा त्याचं नाव, करा सही, चला चहाला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; आमच्याकडे अंगण झाडणाऱ्यालाच वाकडा ठरवतात.

आणि बत्तीस वर्षं लाल डब्याच्या त्या बाजूला उभा राहिलेला माणूस माझ्याच घरात होता. तो घरी येऊन काय बोलायचा ते ऐकत मी मोठी झाले. साहेबाला पार्ट कळत नाही, कागद कळतो, असं तो म्हणायचा. मी शाळेत असताना ठरवलं होतं की मी पार्ट कळणारी साहेब होईन. झाले! मोठी साहेब झाले!

चार महिने पप्पा घासत राहिले. या वेळी त्यांचा नूर वेगळा होता. पहिल्या वेळी घासताना गुणगुणायचे, मधेच हाक मारून काच दाखवायचे. आता नुसतं फिरायचं आणि घासायचं. तिसऱ्या महिन्यात उजवा खांदा धरला. शर्टात हात घालताना आईला मदत करावी लागायची. डॉक्टरांनी सांगितलं, हात वर-खाली करायचं काम बंद. पप्पा म्हणाले, "घासताना हात वर कुठं जातो?" आणि डाव्या हातावर जोर देऊन पॉलिश पुरं केलं. आई मला म्हणाली, "तुझी ती बैठक एकदा नीट बघून घे ना गं." मी म्हटलं, "आई, तुला त्यातलं कळत नाही." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली.

मे महिन्यात आरसा पुन्हा चकाकला. पप्पांनी सावलीचा फोटो काढला, पण या वेळी ग्रुपवर टाकला नाही, माझ्या एकटीच्या नंबरवर पाठवला. खाली काहीच लिहिलं नव्हतं. मी त्याच बैठकीवर, त्याच क्लिपांनी, त्याच टॉर्कने आरसा बसवला. अंधार पडल्यावर पूर्वेला स्वातीचा तारा वर आला होता. मी डोळा लावला.

बेलाचं पान. तेच. तसंच. टोकंसुद्धा त्याच दिशांना.

अक्कल असलेल्या माणसाला इथे शंका यावी. काच नव्याने घासलीय, पॉलिश नवं, आणि दोष डिट्टो जुना? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चुकीच्या माणसावर. मी म्हटलं, "पप्पा, तुम्हाला जमत नाहीये. वय झालंय. सोडून द्या."

"असंल," पप्पा म्हणाले.

एवढंच. असंल. ते खाली निघून गेले, आणि मी गच्चीत नळीशेजारी एकटी उभी राहून मनातल्या मनात त्यांच्यावर चिडत राहिले.

आठवड्याने मी भोसरीला चाचांकडे गेले ते नवं ड्रॉइंग घेऊन. आरसा काही सुधारत नाही, तर निदान बैठक तरी इतकी मजबूत करू की उरलासुरला दोष दाबून टाकता येईल, असं माझं डोकं चाललं होतं. या वेळी स्टीलची. तीनच्या जागी सहा क्लिपा. चाचांनी चष्मा वर केला, ड्रॉइंग पाहिलं आणि विचारलं, "पहिलेवाली में क्या तकलीफ थी?"

मी सांगितलं. बेलाचं पान, दोन वेळा घासलं, तरी तेच.

"जॉब घुमा के देखा?"

"काय?"

"काच. घुमा के फिर से बिठाया क्या, ताई? निशान काच के साथ घूमा, या वहीं रहा?"

मी काय चिडले म्हणून सांगू! म्हटलं, चाचा, तुम्ही मिलिंग करा, मला शिकवू नका, मी रोज पंधरा ट्रेनींना हेच शिकवते. ड्रॉइंग त्यांच्या टेबलावर आपटलं आणि गाडीत येऊन बसले. भोसरीच्या पुलाखाली ट्रॅफिक ठप्प. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, पुढचा रिक्षावाला उतरून कुणाशी तरी भांडतोय, आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून तोंडाने अजून चाचांना सुनावतेय: मी रोज ट्रेनींना हेच शिकवते, मी रोज...

खरंच शिकवते. पहिल्या दिवशी, पहिला धडा. पार्टवर दोष दिसला तर पार्ट फिरवून पुन्हा बसवायचा. दोष पार्टबरोबर फिरला तर चूक पार्टची. दोष जागेवर राहिला तर चूक पकडीची. दुसरा धडाही मीच शिकवते: पातळ रिंग तीन जबड्यांच्या चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, जोरात आवळली की ती तीन कोनांत दबते. तीन जबडे. तीन क्लिपा. तीन टोकांचं पान. ट्रॅफिक सुटताच मी गाडी घराकडे वळवली.

घरी आले तेव्हा कुणी नव्हतं. आई पप्पांना खांद्याच्या शेकासाठी घेऊन गेली होती. मी तारा उगवायची वाट बघू शकले नसते. बेअरिंगची एक मोठी गोळी घेतली, समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमनला सांगून त्या बिल्डिंगच्या गच्चीतल्या टाकीवर काळ्या कागदावर चिकटवली. उन्हात अशा गोळीवर सूर्याचा एक बारीक ठिपका चमकतो, लांबून अगदी ताऱ्यासारखा. नळी वर नेली, रोखली. दुपारचे चार. बेलाचं पान हजर.

आरसा काढला. बैठकीत साठ अंश फिरवून पुन्हा बसवला, तेवढ्याच टॉर्कने आवळला. दोष काचेत असता तर पान उलटं व्हायला हवं होतं. पान जागचं हललं नाही.

मग एक क्लिप ढिली केली. एक टोक विरघळलं. दुसरी ढिली केली. तिसरी. टिंब गोल झालं.

पाना हातात धरून मी उन्हात फरशीवर बसले. पुढची गोष्ट मला माहीत होती, पण खात्री करून घ्यायचा चिवटपणा अंगात असतो ना आमच्या. पुन्हा डोळा लावला. टिंब गोल होतं, पण त्याच्याभोवती फिकट धुकं होतं. हा नवा दोष होता, आणि हा मात्र काचेचा होता. काठ किंचित पडला होता, म्हणजे जास्त घासला जाऊन खाली उतरला होता. मोबाइल काढला, दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या आरशाची सावली काठापर्यंत एकसारखी. दुसऱ्याची, काठाशी आल्यावर ढळलेली. दुखरा खांदा वाचवत डाव्या हाताने जोर दिला की काठ पडणारच. पहिला आरसा, चौदा महिन्यांचा, ज्याखाली 'झालं' लिहिलं होतं, तो निर्दोष होता. तो आता जगात कुठेही नव्हता. त्याची पूड झाली होती आणि ती गॅलरीच्या मोरीतून वाहून गेली होती. आणि ती करायला मी लावली होती.

मला रडू आलं नाही. राग आला. स्वतःच्या कानफटात मारावी असा राग. त्या टॉर्क रेंचचा राग, अकरा वर्षांचा राग, मायक्रॉन मायक्रॉन करणाऱ्या माझ्या जिभेचा राग. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिव्याने स्वतः फुंकर मारून अंधार केला होता.

सहाच्या सुमारास ती दोघं आली. पप्पा गॅलरीत पिंपाशेजारच्या खुर्चीत बसले, खांद्यावर गरम पाण्याची पिशवी. मी समोर उभी राहिले.

"पप्पा, आरसा बरोबर होता. पहिला. माझ्या क्लिपांनी काच दबत होती. आज तपासलं."

पप्पांनी पिशवी जरा सरकवली. "वाटलंच होतं मला."

आणि बघा माझा स्वभाव. माफी मागायला आलेली मी, पुन्हा भडकले. "वाटलं होतं तर बोलला का नाहीत?"

"बोललो की. तू म्हणलीस, डिझाइन शिकवू नका."

"मग परत बोलायचं! भांडायचं माझ्याशी! पप्पा, चौदा महिन्यांचं काम तुम्ही माझ्या एका शब्दावर खरवडून टाकलं? तुम्हाला माहीत होतं ते बरोबर आहे!"

"हळू बोल," आई आतून म्हणाली.

"न्हाई, बोलू दे तिला." पप्पांचा आवाज चढला. आयुष्यात त्यांचा आवाज चढलेला मी दोन-तीनदा ऐकला असेल. "बत्तीस वर्षं मशीनवर उभा राहिलो माय. साहेब म्हणला पार्ट चुकला, तर चुकला. एकदा बोलायचं. दुसऱ्यांदा बोललं की रात्रपाळी, तिसऱ्यांदा बोललं की गेट. हाताला कळतंय बराबर हाय, आन् तोंडानं म्हणायचं, व्हय साहेब, चुकलं. ती सवय रिटायर होती का? तू त्या दिवशी गच्चीत बोललीस ना, ती माझी पोरगी न्हवती बोलत. साहेब बोलत होता. मी साहेबाचं ऐकलं."

मी पिंपाच्या काठाला धरलं. म्हटलं, "चुकलं माझं. मी घासते आता. तुम्ही बसून सांगा, मी घासते. पहिल्यासारखा करू."

"हात लावू नको त्याला."

"पप्पा..."

"मला एक सांग." त्यांनी पिशवी काढून मांडीवर ठेवली. "मला सांगायला आलीस, कारण मी बाप हाय. एका घरात ऱ्हातो, रोज तोंड बघावं लागतं. तिकडं चाकणला तुझ्या क्लिपांनी दबलेले किती पार्ट आसतील? त्या मशीनवाल्यांतल्या कुणाला सांगायला गेलतीस, की बाबा, तू बरोबर होतास?"

अकरा वर्षांच्या मीटिंगा होत्या माझ्यापाशी, आणि अकरा वर्षं त्यातला तो एक रकाना माझ्या सहीने भरलेला होता. पार्ट फिरवून बघा असं मी ट्रेनींना शिकवत होते, आणि मीटिंगमध्ये एकदाही कुणाला फिरवून बघा म्हटलं नव्हतं. मी एक नाव शोधत राहिले. एखादा तरी, ज्याच्या मशीनपाशी जाऊन मी म्हटलं असेल.

"कुणालाच नाही," मी म्हटलं.

"मग आधी तिकडं जा," पप्पा म्हणाले. "मग काचंचं बघू."